पाच उन्हं

बैल बंडी ओढत होते, बंडीवर डोंगा, फळ्यांची होडी, बांधलेला होता, आणि डोंग्यात ऐसपैस बसून एक माणूस बैल हाकत होता. पंच्याऐंशी सालचा माघ महिना. सकाळचं ऊन नुकतंच तलावावर उतरत होतं, धुक्याचे पुंजके पाण्यावर अजून रेंगाळत होते, आणि त्यांतून ही वरात आंबेबोडीच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, चढत होती. दुसरं कुणी असतं तर खुदकन हसलं असतं. पाळीवर उभ्या असलेल्या धुरपताच्या कपाळावर मात्र आठी चढली. डोंग्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. थेंब... थेंब... आणि चाकोरीच्या मधोमध एक ओली रेघ थेट गावापर्यंत मागे गेली होती.

ती सरळ बैलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. बैल थांबले. माणूसही थांबला, पण त्याचं बोलणं थांबेना. आंबेबोडीचा तलाव हाच ना, सोसायटीचे अध्यक्ष कुठे भेटतील, इकडे चहा मिळतो का, आणि या गावात पाळीच्या पहाऱ्यावर पोरींनाच बसवतात का, असं सगळं त्याने एका दमात विचारून टाकलं.

धुरपताची नजर ठिबकणाऱ्या बुडावरच होती.

"भाऊ, हा डोंगा याच्या आधी कोन्या पान्यात होता?"

"डोंगाच हाये तो. पान्यात होता, आता पान्यात चालला."

तिने पदर खोचला, चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला आणि सरळ डोंग्यात डोकावली. बुडाशी दोन बोटं गढूळ पाणी. त्यात ओल्या जाळ्याचा ढीग, बाजूला एक गंज, म्हणजे पातेलं, आणि एक घोंगडी. आणि फळीच्या सांध्यात अडकलेलं, कुणाच्या नजरेलाही न येणारं, एक इवलंसं हिरवं रोप. देठ फुगीर, पानं चकचकीत, मुळं काळ्या केसांसारखी. विंचवाची नांगी धरावी तसं तिने ते दोन बोटांत धरून वर काढलं.

"हे का हाये?"

"गवत."

"जलकुंभी हाये," ती म्हणाली. "बंडी वळवा."

सरकारी कागदावर तिला जलपर्णी म्हणतात. नाव गोड आहे, फूलही देखणं येतं, जांभळं. पण धुरपताने या रोपाने एक अख्खं गाव खाल्लेलं पाहिलं होतं. पळसटोल्याला तिच्या मामाचा, डोमाचा, तलाव होता. म्हणजे गावाचाच, पण लहानपणी सुट्टीत जाऊन पोहायची म्हणून ती त्याला मामाचा तलाव म्हणायची. सहा वर्षांपूर्वी कुण्या ठेकेदाराचा डोंगा तिथे उतरला आणि त्याच्याबरोबर ओंजळभर जलकुंभी उतरली. दुसऱ्या पावसाळ्यात पाण्यावरून कुत्रं चालत जाईल असा हिरवा गालिचा झाला. खाली ऊन जाईना, हवा जाईना. रोहू, कतला, मरळ, सगळी मासोळी पोट वर करून काठाला लागली. पळसटोल्याचे निम्मे ढिवर, मासेमार, आता वीटभट्ट्यांवर होते. मामा तेवढा राहिला होता, हट्टाने.

म्हणून आंबेबोडीच्या मच्छीमार सोसायटीत धुरपताने एक नियम करून घेतला होता. ती मॅट्रिक झालेली, सोसायटीचं लिहिणं-वाचणं तीच करायची. ठरावही तिनेच लिहिला होता. बाहेरचा डोंगा, बाहेरचं जाळं तलावात जाण्याआधी रिकामं करायचं, उकळत्या पाण्याने घासायचं, चिखलाचा कणही ठेवायचा नाही, आणि पाच उन्हं खाऊ घालायची. पूर्ण पाच. हा आकडा तिने स्वतः काढला होता. मामाच्या तलावातली रोपं आणून अंगणात वाळत टाकून, रोज उलटून पाहून.

हे सगळं ऐकल्यावर बंडीवरचा माणूस पहिल्यांदाच गप्प झाला. त्याचं नाव हरिदास. वैनगंगेकाठचा, ब्रह्मपुरीच्या पलीकडचा ढिवर. स्वतःचा डोंगा आणि मोठं जाळं घेऊन तलावातलावांतून फिरायचा, मासे काढून द्यायचा. आंबेबोडीचे जुने डोंगे कुजले होते, एक गळका तेवढा उरला होता, म्हणून अध्यक्ष बापूजींनीच त्याला बोलावणं धाडलं होतं. परवा ब्रह्मपुरीचा बाजार होता आणि व्यापाऱ्याला मासोळी द्यायचं ठरलं होतं.

"मंग मी बी पान्यात उतरनार हाओ," हरिदास जरा वेळाने म्हणाला. "मले बी पाच दिवस वाळत घालनार का?"

"धोतर वाळवा," ती म्हणाली. "बाकीचं तुमचं तुमी पाहा."

बापूजी आले, समजावून थकले. व्यापारी निघून जाईल म्हणाले, एका काडीने काय होतंय म्हणाले. धुरपता हातात ती काडी धरून उभी. शेवटी तिचे वडील सोमाजी, जे सहसा कुठल्याच भांडणात तोंड उघडत नसत, एवढंच म्हणाले की डोमा पळसटोल्याला राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे.  बंडी वळली.

तलावापासून लांब, उंचावरच्या खळ्यात डोंगा उपडा पडला आणि हरिदासची शिक्षा सुरू झाली. तो शाळेच्या पडवीत झोपायचा, गावातली सगळ्यात म्हातारी कोळीण बायनाबाई त्याला जेवू घालायची, आणि दिवसभर तो डोंगा घासत बोलत राहायचा. ऐकायला कुणी असो नसो. धुरपता सकाळ-संध्याकाळ तपासायला यायची. ती आली की तो मुद्दाम उठून उभा राहायचा, शाळेत तपासणीला साहेब यावा तसा.

"या मास्तरीनबाई. पाहून घ्या."

ती सांध्यांत काडी घालायची, चिखलाची चिमूट बाहेर काढायची आणि न बोलता त्याच्या पुढ्यात धरायची. तो पुन्हा पाणी उकळायला ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याने डोंगा असा घासला की लाकूड पांढरं पडलं. तिला तरीही एका खिळ्याच्या डोक्याखाली काळं सापडलं. आपण हे काळं शोधायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावतो आहोत, असं तिला वाटलं, आणि त्याचा तिला राग आला.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. संध्याकाळी हरिदास बोटं मोजून म्हणाला, आता दोनच राहिली.

"आजचं धरत नाई," धुरपता म्हणाली. "ऊन कुठी होतं?"

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हंजे पाच उन्हं म्हंजे सहा दिवस?"

"आभाळ आलं तर सात."

"भाऊ मनता मले, अन असं वागवता."

"मंग का मनू?"

तो काहीतरी बोलायला गेला... आणि थांबला. त्याच्या हातातली काथ्याची घासणी उगाच फिरत राहिली. "काईबी मना," तो म्हणाला. "भाऊ तेवढं नोका मनू."

धुरपता तरातरा निघून गेली. घरी येऊन तिने आईच्या हातून चूल फुंकायची फुंकणी घेतली आणि इतक्या जोरात फुंकलं की राख अंगभर झाली. काय माणूस आहे, ती मनात म्हणत राहिली. काय तोंड आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या बोलण्यातून तो 'भाऊ' गेला तो गेलाच. त्या जागी काय घालायचं ते न सुचल्यामुळे ती त्याला काहीच म्हणेनाशी झाली.

सातव्या दिवशी डोंगा पाण्यात उतरला. व्यापारी खरंच निघून गेला होता, पण पुढच्या बाजाराला दुसरा आला. मासोळी भरपूर निघाली, आणि हरिदास बंडी जुंपून पुढच्या गावाला गेला. जाताना बायनाबाईच्या पाया पडला, बापूजींशी बोलला, सोमाजींशी बोलला, बैलांशीही बोलला. धुरपताशी मात्र नुसता डोळ्यांनी बोलला, तेही जाता जाता, वळणावर. तिला वाटलं, एवढा बडबड्या माणूस, आणि ऐन वेळी...

चैत्रात तो परत आला. या वेळी डोंगा बंडीवर उपडा होता आणि तो खाली, बैलांच्या बाजूने चालत होता. डोंगा हाडासारखा कोरडा. जाळं वेगळं बांधलेलं, तेही खडखडीत. घरीच पाच उन्हं दिली, त्याने सांगितलं, पूर्ण, बिनढगाची. आईला साक्षीला ठेवलं होतं.

धुरपताने डोंग्याची प्रत्येक फळी पाहिली. सांधे पाहिले, खिळे पाहिले, वल्ह्याच्या मुठी पाहिल्या. हात फिरवून पाहिला. काहीच नव्हतं. ती सरळ उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की हरिदासला हसू आवरेना.

"काई सापडलं नाई मनून राग आला का?"

"नाई."

"मंग?"

मग काय, ते तिलाही माहीत नव्हतं. तपासायला दहा मिनिटं लागली होती आणि आता इथे उभं राहायला काही निमित्तच उरलं नव्हतं, एवढंच तिला कळत होतं.

त्याच्या बाबतीतलं खरं मात्र तिला त्याच्या तोंडून कळलं नाही. ब्रह्मपुरीच्या बाजारात नागभीडकडच्या एका कोळणीने बोलता बोलता सांगितलं, की हरिदास नावाचा एक वेडा गावोगाव फिरतो. प्रत्येक तलावावर आधी डोंगा उपडा घालतो आणि पाच दिवस बसून राहतो. लोक म्हणतात उतर लवकर, तर म्हणतो, आंबेबोडीच्या मास्तरीनबाईचा हुकूम आहे. दोन गावांनी वैतागून त्याला परत पाठवलं. एका गावाने मात्र तसाच ठराव केला.

धुरपताने टोपली उचलली आणि भाव न विचारताच निघाली. दोन गावांनी परत पाठवलं, म्हणजे तेवढा हंगाम बुडाला. आणि या माणसाने, जो बैलाच्या शिंगावर बसलेल्या माशीबद्दलही तासभर बोलू शकतो, त्याने तिला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. वाटभर ती चिडचिड करत होती. का सांगितलं नाही? आपण काय कुणी परके आहोत? आणि हा दुसरा प्रश्न मनात आल्यावर ती रस्त्यात मध्येच उभी राहिली. मागून येणारी सायकल अंगावर येता येता वाचली.

वैशाखात मामा आला. त्याच्या तलावाच्या एका कोपऱ्यातली जलकुंभी त्याने वर्षभर खपून हातांनी काढली होती. बैलगाडी मावेल एवढं पाणी मोकळं झालं होतं आणि त्यात चार मासे दिसत होते. त्याला सोसायटीचं जाळं हवं होतं, आठ दिवसांसाठी. नियमात बाहेर न्यायला मनाई नव्हती. धुरपताने दिलं. परत आल्यावर वाळवल्याशिवाय वापरायचं नाही, हे तिने स्वतःच सगळ्यांना बजावलं.

जाळं ज्या दिवशी परत आलं, त्याच दिवशी हरिदासही आला. बिनडोंग्याचा. नुसती बंडी घेऊन. मोहफुलं विकत घ्यायला आलो म्हणाला. वैनगंगेकाठी मोह काय कमी आहेत, हे विचारायचं तिने टाळलं. दोघं मोहाच्या सावलीत बसले. तो पुराच्या वेळी नदी कशी वागते ते सांगत होता, कुठे भोवरा कसा हसतो, कुठे वाळू पायाखालून कशी सरकते... आणि धुरपता, जिला गावात कुणी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मधेच कुणीतरी येऊन विचारून गेलं, जाळं आलंय, टाकायचं का? ती म्हणाली, टाका. मान वळवूनही पाहिलं नाही.

मग पावसाळा आला. नाले भरले, वाटा चिखलात गेल्या, आणि हरिदास नदीपलीकडे अडकला. धानाची रोवणी झाली. तलाव तुडुंब भरला. भाद्रपदात एक दिवस उघडीप पडली म्हणून धुरपता पाळीच्या टोकाला, लव्हाळ्याच्या दाटीकडे गेली आणि जागच्या जागी थिजली.

लव्हाळ्याआड, अंगणभर, हिरवं. आणि हिरव्यात जांभळी फुलं.

ती पाण्यात तशीच उतरली, कमरेपर्यंत. एक रोप उपसलं. त्याला पाच पिल्लं लगडलेली.  बाहेरचं या तलावात दुसरं काय आलं होतं? एकच डोंगा. एकाच माणसाचा. आपण फळी न् फळी पाहिली होती, पण कुठेतरी, एखाद्या खिळ्याखाली... आणि तो हसत होता. राग आला का, विचारत होता.

घरी येऊन ओल्या लुगड्यानेच तिने पोस्टकार्ड काढलं. लिहिलं की तुमच्या डोंग्याने आमच्या तलावाचा घात केला. लिहिलं की तुमच्या पाच उन्हांवर आणि तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी मी मूर्ख. लिहिलं की या गावाच्या पाळीवर पुन्हा पाऊल ठेवू नये. खाली सवयीने 'आपली' लिहिलं गेलं. ते तिने इतक्या जोराने खोडलं की कार्डाला भोक पडलं. आणि जाऊन पेटीत टाकून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा बोलवायची म्हणून ती सोसायटीच्या खोलीत गेली. वाशाला सोसायटीचं मोठं जाळं पावसाळ्याआधीपासून टांगलेलं होतं. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांजवळ, कोपऱ्यात, काहीतरी काळं गुंतलं होतं. केसांसारखं. तिने बोटांनी सोडवलं. वाळून चुरा झालेली मुळं, आणि त्यांना धरून राहिलेला एक फुगीर देठ.

मामाकडून आलेलं जाळं. वैशाखातला तो दिवस. टाका, ती म्हणाली होती.

ती तिथेच जमिनीवर बसली. मग उठली आणि धावत पोस्टमनच्या घरी गेली. डाक पहाटेच गेली होती. पोस्टमन वर म्हणाला, लय कडक लिवलं बाई तुमी. कार्डच ते, त्याने वाचलं होतं. म्हणजे वाटेतला प्रत्येकजण वाचणार होता.

मधे पुन्हा पाऊस लागला, म्हणून सभा पाचव्या दिवशी शाळेच्या पडवीत भरली. साठेक माणसं, बायका एका अंगाला. पाऊस नव्हता, पण पागोळ्या अजून गळत होत्या. बापूजी बोलायला उभे राहिले, तेवढ्यात मागे हालचाल झाली. दारात हरिदास उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ते पोस्टकार्ड. एसटी अर्ध्यात थांबली होती, बाकी वाट पायी आला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नसलेलं तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

तो म्हणाला की दोष माझा असेल तर मी कबूल करतो, पण डोंगा मी वाळवला होता, बिनढगाची पाच उन्हं. एवढंच सांगायला आलो. आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणालं, बाहेरच्या माणसाला बोलावलंच कशाला. कुणी म्हणालं, भरपाई घ्या. धुरपताला वाटलं, गप्प बसलं तर... आणि त्या विचाराचीच तिला शिसारी आली. ती उठली. मुठीतला वाळका देठ तिने बापूजींच्या पुढे ठेवला.

"त्यायचा दोष नाई. हे आपल्या जाळ्यात निघालं. जाळं मीनं मामाले देल्लं होतं. परत आलं तवा वाळवलं नाई, पाहालं बी नाई. तसंच पान्यात टाकाले सांगतलं."

 बापूजी तिच्याकडे पाहत राहिले. सात-सात दिवस अख्ख्या गावाला ताटकळत ठेवणारी ही पोरगी.

"तू?" ते म्हणाले. "तू तर खिळ्याखाली पाहते. तुले जाळं दिसलं नाई? काऊन नाई पाहालं?"

धुरपताच्या मनात दोन-तीन सोयीची उत्तरं येऊन गेली. ताप होता. आई आजारी होती. पण खोटं बोलायचा तिला मनस्वी कंटाळा. आणि आता तर सगळ्याचाच कंटाळा आला होता, स्वतःचा, गावाचा, त्या भिंतीला टेकलेल्या माणसाचा.

"हे आले होते," ती म्हणाली, हरिदासकडे न पाहता, बोट दाखवून. "यायच्याशी बोलत होती मी. दुपारभर. तवा मले... दुसरं काईच दिसत नोतं."

 सोमाजींनी मान खाली घातली. आणि मग बायनाबाई हसायला लागली. बोळक्या तोंडाने, खांदे हलवत, खोकत खोकत. बाकीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हरिदासच्या हातातलं कार्ड खाली पडलं, आणि ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.

धुरपता पुढे बोलतच राहिली, कारण थांबली असती तर रडली असती. रोपं तोडायची नाहीत, मुळासकट उचलायची. तुकडा पडता कामा नये. टोपलीत कापड घालायचं. तलावाकडे उतार नसलेल्या खळ्यात नेऊन पसरायची, वाळली की जाळायची. आणि हे आजपासूनच.

तलाव साफ व्हायला अकरा दिवस लागले. त्यानंतरही दोन वर्षं, पावसाळ्याच्या तोंडाला, चिखलातल्या बियांतून एखादं-दुसरं रोप वर यायचं आणि कुणी ना कुणी ते उपटून आणून धुरपताच्या ओट्यावर ठेवायचं. पण पळसटोल्याचं झालं तसं आंबेबोडीचं झालं नाही. मासोळी जगली. मामाही अकरा दिवस येऊन राहिला आणि कुणापेक्षा जास्त राबला.

हरिदास गेला नाही. त्याचा डोंगा आणायचा प्रश्नच नव्हता, भाद्रपदात ऊन कुठून आणणार? सोसायटीचा तो एक गळका डोंगा होता. त्यात एकाने रोपं उपसायची आणि दुसऱ्याने सतत पाणी बाहेर काढायचं. लव्हाळ्याच्या आतल्या अंगाला पोचायला दुसरा मार्ग नव्हता. पाणी काढायला धुरपता बसली. कुणी बसवली, का तीच बसली, हे नीट कुणी सांगू शकलं नाही.

चार दिवस दोघं त्या डोंग्यात होते, आणि चार दिवसांत हरिदास तिच्याशी चार वाक्यंसुद्धा धड बोलला नाही. टोपली द्या. जरा सरका. इकडे खोल आहे. एवढंच. काठावरच्या बायका नुसत्या बोलावण्याच्या निमित्ताने पाहून जात. चौथ्या दिवशी दुपारी धुरपताने पाणी काढायचा गंज आपटला.

"माशीवर तासभर बोलता तुमी," ती म्हणाली. "बैलाशी बोलता. अन मी साठ मानसायसमोर एवढं बोलली, तर तुमाले एक शब्द सुचत नाई? माह्या अंगावरून गाव हसून गेलं. मले वाटलं, तुमी काईतरी मनाल..."

हरिदासने हातातलं रोप टोपलीत ठेवलं. मग आपली हिरवी पडलेली बोटं धोतराला पुसली.

"मी बोलतो ते... टाइमपास असते," तो म्हणाला. "खरं बोलाची आदत नाई मले. कसं सुरू करतात, तेच समजत नाई."

"कुठूनबी करा."

"कार्ड आलं तवा मी घाटावर होतो. पोस्टमननं सगळ्यायसमोर वाचलं. लोक लय हसले. शिव्या लागल्या, त्याचं काई नाई. पन पुन्हा येऊ नोका मनलं होतं ना तुमी... ते ऐकून जेवनच गेलं नाई. मायनं विचारलं, कोन पोट्टी हाये हे, एवढं घालूनपाडून लिवनारी?" तो थांबला. डोंग्यात पाणी चढत होतं आणि कुणालाच त्याचं भान नव्हतं. "मीनं मनलं, तुही सून हाये. तोंडातून निंगून गेलं. मंग मायनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं... अन मले मनते, मंग इथी काऊन बसला, जाय."

 आता गप्प व्हायची पाळी धुरपताची होती, आणि तिला त्याचाही राग आला, पण तो राग कुठे टिकेना.

"खाली 'आपली' लिवून खोडलं होतं," तो हलकेच म्हणाला. "पन वाचता येत होतं."

"भोक पडलं होतं तिथी."

"भोकातूनच वाचलं."

ती हसली नाही. हसू येत होतं, पण हसली नाही. पलीकडे पाळीवर सोमाजी टोपली घेऊन उभे होते. त्यांनी डोंग्याकडे एकदा पाहिलं, मग पाठ फिरवून उगाच आभाळाकडे पाहू लागले, पाऊस येतो का म्हणून.

"बाबाले विचारा," धुरपता म्हणाली. "पन आता नाई. आधी हे काम होऊ द्या. मंग दिवाळीपासून माघापर्यंत सोसायटीचा हंगाम हाये, तवा बी नाई. फाल्गुनात या."

"फाल्गुन लय दूर हाये."

"मंग हात चालवा. इथी अजून अर्धं पडलं हाये."

त्याने वाकून पुढचं रोप धरलं. वाकताना तिला दिसलं, त्याच्या मानेवर, कानाच्या खाली, मुळाचा एक काळा तंतू चिकटला होता. केसासारखा. तिने पुढे होऊन तो चिमटीत धरला, सोडवला, नीट पाहिला आणि टोपलीत टाकला. मग पुन्हा तिथेच, मानेवर, बोटं फिरवून पाहिली, अजून काही राहिलंय का म्हणून. काही राहिलं नव्हतं. हात मात्र तिने लगेच मागे घेतला नाही.